तीन कड्यांची ढील

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. पाण्याची खरी, पण पिण्याच्या पाण्याची नव्हे. संडासात कमोडच्या मागे भिंतीला पाठ लावून जी पांढरी, चिनी मातीची टाकी बसलेली असते, ती मी. नाव काढताच नाकं मुरडलीत ना? मुरडा. सव्वीस वर्षं मी हेच बघत आले आहे. घरी पाहुणे आले की त्यांना खोल्या दाखवतात, पडदे दाखवतात, नवं कपाट दाखवतात. माझ्याकडे नुसतं बोट करून म्हणतात, "ते तिकडे." पण ज्या दिवशी मी रुसते, त्या दिवशी अख्ख्या घराला तोंड लपवायला जागा उरत नाही. एकदा माझ्या रुसण्याचं पाप भलत्याच माणसाच्या माथी बसलं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पातळ चिखल साच्यात ओतला, वाळवला, त्यावर काचेसारखी झिलई चढवली आणि भट्टीत भाजला, की झाली माझ्यासारखी एक टाकी तयार. भट्टीतून निघालेल्या प्रत्येकीला एक बाई बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. बद्द आवाज आला तर तडा आहे, बाजूला टाका. खणखणीत आला तर पुढे पाठवा. माझ्या रांगेतल्या चौदा जणींपैकी पाच तिथंच बाद झाल्या. मी पुढे गेले. त्या बाईनं दुसऱ्यांदा ठोकून बघितलं नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.

माझ्या पोटात फार काही भानगड नाही. पाणी भरलं की वर येऊन नळ बंद करणारा एक तरंगता गोळा आहे. तळाच्या भोकावर एक रबरी झडप आहे. आणि त्या झडपेपासून बाहेरच्या दांडीपर्यंत एक बारीक साखळी आहे. दांडी दाबली की साखळी ताणली जाते, झडप उचलली जाते आणि सगळं पाणी एका दमात खाली जातं. एका दमात, हे नीट ध्यानात ठेवा. तेवढंच पाणी रडत रडत, थोडं थोडं गेलं तर त्याला काही वाहून नेता येत नाही. ते नुसतं घाणीभोवती गोल फिरतं आणि हात हलवत निघून जातं.

मला या घरात आणलं आजोबांनी. तेव्हा ते कुणाचे आजोबा नव्हते. बाजारातल्या एका चिंचोळ्या गाळ्यात बसणारे घड्याळजी होते. आजींचे गुडघे गेले होते, त्यांना खाली बसवत नव्हतं, म्हणून ते कमोड घ्यायला दुकानात आले. बाकीची गिऱ्हाइकं रंग बघत होती. यांनी मात्र माझं झाकण उचलून आत डोकावून बघितलं आणि माझी दांडी एका बोटानं हलकेच दाबली. दुकानदार म्हणाला, "जोरात दाबा साहेब, मोडायची नाही ती."

"जोरानं चालणारी वस्तू मला नको," घड्याळजी म्हणाले. "जिच्यासाठी न्यायची, तिच्या अंगात जोर नाही."

मी एका बोटानं चालले. म्हणून तर या घरात आले.

काय सांगू, ते दिवस कौतुकाचे होते. आजी रोज बाहेर येताना म्हणायच्या, "किती गं बाई सोय झाली." मला कुणी "गं बाई" म्हटलेलं तेवढंच. आजी गेल्या त्याला आता नऊ वर्षं झाली. आजोबांनी गाळा बंद केला, पण हाताची सवय गेली नाही. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं उचललेला हात तो. दाराची कडी असो, पंख्याचं बटण असो की माझी दांडी असो, सगळ्याला ते बोटाच्या टोकानं हात लावायचे. जोर लावला की काम बिघडतं, असं त्यांच्या उस्तादानं शिकवलेलं. त्याच उस्तादाचा आणखी एक नियम होता. दुसऱ्या कारागिरानं बंद केलेलं घड्याळ, त्यानं सांगितल्याशिवाय उघडायचं नाही. हे दोन्ही नियम त्यांनी जन्मभर पाळले आणि म्हातारपणी त्याच दोन नियमांनी त्यांचा घात केला.

मुलाचा धंदा बापाच्या अगदी उलटा. तो मोठ्या गाड्यांचे टायर बदलतो. हातभर लांब पान्यावर सगळं वजन टाकून नट सोडवायचे, ही त्याची रोजची कसरत. मनानं सोन्यासारखा, पण हात असा की बरणीचं झाकण लावलं तर ते पुन्हा उघडायला त्यालाच बोलवावं लागतं. सून एका दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घरी येते आणि सगळं घाईघाईत उरकते. माझ्या दांडीवर ती तळहाताची थाप मारायची. दहा वर्षांची नात तर दोन्ही हातांनी लोंबकळायची. माझी तक्रार नव्हती. घरात माणसं वेगवेगळी असायचीच.

झालं असं की गेल्या वर्षी माझ्या झडपेचं रबर कडक झालं आणि मी गळायला लागले. रात्रंदिवस बारीक धार. मुलानं सुट्टीच्या दिवशी नवी झडप आणली, तिच्याबरोबर नवी साखळी आली. जुनीपेक्षा ही बरीच लांब होती. पहिल्यांदा त्यानं ती फार ताणून अडकवली, तर झडप नीट बसेना आणि पाणी वाहतच राहिलं. मग तो वैतागला आणि म्हणाला, "आता ढिलीच ठेवतो, बघू कशी गळतेस." आणि जवळजवळ शेवटच्या कडीत त्यानं ती अडकवली. गळती थांबली. त्यानं दांडी दाबली, त्याच्या पद्धतीनं, पार तळापर्यंत. पाणी धो धो गेलं. "बघा, झालं की नाही एक नंबर?" असं म्हणत त्यानं हात धुतले.

पण मित्रांनो, साखळी ढिली असली म्हणजे दांडीचा अर्धा प्रवास ती ढील गोळा करण्यातच संपतो. जो दणकून दाबेल त्याची झडप पूर्ण उचलली जाते. जो एका बोटानं दाबेल त्याची झडप जेमतेम किलकिली होते आणि लगेच मिटते. म्हणजे मुलासाठी मी चांगली, सुनेसाठी चांगली, लोंबकळणाऱ्या नातीसाठीही चांगली. वाईट होते ती फक्त आजोबांसाठी. ज्यांनी मला पारखून आणलं, त्यांच्याच वेळी माझ्या तोंडून नुसतं गुळगुळ पाणी यायचं.

त्यांच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर बाहेरच्या बेसिनपाशी त्यांनी सांगितलं, "अरे, टाकीचं पाणी नीट जात नाही." मुलगा आत आला, त्यानं दांडी हाणली, पाणी धो धो गेलं. "चाललंय की बाबा."

आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा सांगितलं. मुलानं पुन्हा येऊन दाबलं. पुन्हा धो धो. या वेळी तो जरा हळू आवाजात म्हणाला, "दाबायचं राहून गेलं असेल तुमच्याकडून."

तिसऱ्यांदा ते बोलले नाहीत. झाकण उचलून बघावं असं त्यांच्या मनात आलं असणार. एकदा त्यांचे दोन्ही हात माझ्या झाकणापर्यंत आलेले मला आठवतात. पण काम मुलानं केलेलं, बंद मुलानं केलेलं. त्यांनी हात मागे घेतले. मी तळमळले, पण मला कुठं तोंड आहे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो आम्ही दोघांनी खाल्ला.

ते एकदा दाबायचे. मग टाकी भरेपर्यंत थांबायचे, पुन्हा दाबायचे. मग पुन्हा. बाहेरून दार वाजायचं, "बाबा, झालं का? शाळेला उशीर होतोय हिला." मग ते तसेच बाहेर यायचे. पाठोपाठ कुणीतरी आत जायचं आणि नाकाला हात लावून बाहेर यायचं. आधी एकदा त्यांच्याकडून गॅस चालू राहिला होता. एकदा भाजी आणायला जाऊन पिशवी दुकानातच विसरले होते. अशी एकेक गोष्ट घरच्यांच्या मनात जमत गेली. माणसाबद्दल एकदा मनात बसलं की प्रत्येक गोष्ट त्यातच जाऊन पडते. सुनेनं नातीकडून एक कागद लिहून घेतला आणि माझ्यासमोरच्या भिंतीवर चिकटवला. 'फ्लश करायला विसरू नये.' पोरीनं हौसेनं खाली हसरा थेंब काढला होता. आजोबा रोज त्या थेंबासमोर बसायचे.

सुनेला मी वाईट म्हणणार नाही. दिवसभर उभं-आडवं राबून आल्यावर रोज ब्रश घेऊन खाली वाकायचं तिच्याच वाट्याला येत होतं. वैतागेल नाही तर काय करेल? पण मला राग आला होता, हेही खोटं सांगणार नाही.

हळूहळू आजोबांनी आत येणंच कमी केलं. त्यासाठी आधी खाणं-पिणं कमी केलं. बेसिनपाशी सून विचारायची, "आज पण अर्धंच जेवलात?" तर म्हणायचे, "भूक नाही गं." अंगातले कपडे ढगळ व्हायला लागले. घरच्यांना वाटलं, हेही त्याच दुखण्यातलं. आणि मग त्यांनी एक नवीनच सुरू केलं. खिशात पेन ठेवायचे. दांडी दाबली की लगेच डाव्या तळहातावर एक बारीक रेघ ओढायचे. दाबलं, याची खूण. बाहेर जायच्या आधी त्या रेघेकडे बघायचे, मग खाली भांड्यात बघायचे, आणि पुन्हा रेघेकडे. ज्या माणसानं हजारो घड्याळांची वेळ जुळवली, त्याला स्वतःच्या हाताची खात्री वाटेना. माझ्या सव्वीस वर्षांत यापेक्षा वाईट काही मी पाहिलं नाही.

एका रविवारी बेसिनपाशी नवरा-बायको दबक्या आवाजात बोलत होते. शहराबाहेर एक वृद्धाश्रम होता. एक तारखेला तिथली खोली रिकामी होणार होती.

"तिथं चोवीस तास माणूस असतं. आपण दोघं दिवसभर बाहेर. उद्या परत गॅस राहिला तर?" सून म्हणाली.

मुलानं चालू नळ बंद केला. मग म्हणाला, "बाबांना विचारलं मी. ते म्हणाले, तुम्हाला बरं वाटेल ते करा."

अर्ज भरला गेला. एक तारखेला अकरा दिवस उरले होते. एवढं सगळं कशापायी, तर तीन कड्यांपायी. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण टाकीला गळता येतं, बोलता येत नाही.

त्याच आठवड्यात सून बसच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं, त्याला प्लास्टर घातलं. डावा तळहात रस्त्यावर घासून सोलवटला, त्याला पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर, नात शाळेत आणि आजोबा त्यांच्या खोलीत. ती आत आली. डाव्या हाताची दोनच बोटं पट्टीबाहेर होती, जाताना त्यांनीच तिनं दांडी दाबली.

गुळगुळ. बस्स, तेवढंच.

ती थांबली. टाकी भरू दिली. पुन्हा दोन बोटांनी दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं भरायची वाट बघितली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या कागदाकडे बघत होती. तिसऱ्यांदाही पाणी फिरलं आणि निघून गेलं, घाण तिथंच राहिली. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर मटकन बसली आणि प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून रडायला लागली. आवाज न करता, कारण पलीकडच्या खोलीत सासरे होते. थोड्या वेळानं उठून तिनं दोन बोटांनी खरवडून खरवडून तो कागद काढला. मग कोपरानं दांडी दाबून सगळं वाहून घालवलं.

संध्याकाळी नवरा आल्या आल्या तिनं त्याला आत आणलं.

"दाब."

त्यानं दाबलं. धो धो.

"चाललंय की."

"आता एका बोटानं दाब. बाबा दाबतात तसं."

त्यानं टाकी भरू दिली आणि एक बोट टेकवलं. गुळगुळ. त्यानं पुन्हा करून बघितलं. मग त्याचा चेहरा उतरला. साखळी कुणी अडकवली होती हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो झाकणाला हात घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तू नको. बाबांना बोलव."

हाक मारल्याबरोबर आजोबा आले, पण दारातच थांबले. दोघं आत उभे, मधे मी. त्यांना वाटलं, पुन्हा काहीतरी राहून गेलं. त्यांनी काही न विचारता डावा तळहात पुढे केला. त्यावर तीन रेघा होत्या. "मी दाबलं होतं," ते म्हणाले. "सकाळी दोनदा आणि दुपारी एकदा. हे बघ. पण तरी राहिलं असेल तर… असेल."

सुनेनं पट्टी बांधलेल्या हातानं तो तळहात तसाच धरला. "बाबा, तुमचं काही राहिलं नव्हतं," ती म्हणाली. "एकदाही राहिलं नव्हतं. चूक आमची होती."

मुलगा भिंतीकडे बघत म्हणाला, "बाबा, साखळी मी ढिली ठेवली. तुम्ही उघडा. मी सांगतोय, उघडा तुम्ही."

आजोबांनी त्याच्याकडे बघितलं. मग ते खोलीत गेले आणि आपला बारीक चिमटा घेऊन आले. मुलानं माझं झाकण उचलून हातात धरलं. कित्येक महिन्यांनी माझ्या पोटात उजेड पडला. आजोबा चिमटा घेऊन माझ्यावर वाकले. त्यांनी साखळीचा आकडा सोडवला, झडप नीट बसली आहे ना ते चाचपलं, ढील किती आहे ती बोटानं मापली. एक कडी वर घेतली, बघितलं. दुसरी घेतली, बघितलं. तिसऱ्या कडीत आकडा अडकवला. "आणखी ताणली तर गळेल," ते म्हणाले, "एवढी पुरे." आणि एका बोटानं दांडी दाबली.

मी सगळं पाणी सोडलं. एका दमात, जेवढं होतं तेवढं. इतकं मनापासून मी आयुष्यात काम केलं नव्हतं.

पाणी जाऊन पुन्हा भरायला लागलं. मुलगा झाकण हातात धरून उभा होता. जड असतं ते, पण खाली ठेवायचं त्याला सुचेना. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही नीट सांगितलं का नाहीत? ओरडायचं माझ्यावर."

"सांगितलं की रे. दोनदा सांगितलं," आजोबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. "तू म्हणालास, दाबायचं राहिलं असेल. तू खोटं बोलणारा नाहीस. मग मला वाटलं, राहिलंच असेल."

मुलानं झाकण माझ्यावर अलगद ठेवलं. सून बाहेर गेली आणि बेसिनपाशी उभी राहून तिनं त्या आश्रमाला फोन लावला. मला स्पष्ट ऐकू आलं. "आमचा अर्ज रद्द करा. ती खोली ज्याला गरज आहे त्याला द्या. नाही, त्यांना काही झालेलं नाही."

आता या गोष्टीला पाच महिने झाले. आजोबा पोटभर जेवतात, हे मी सांगायला नको, माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? मुलगा महिन्यातून एकदा माझं झाकण उघडतो आणि साखळी, झडप, गोळा तपासतो. पण कामाला हात लावायच्या आधी बापाला हाक मारतो. माझ्यासारखीला आणखी काय हवं? आमची मागणी मोठी नसते. कडक झालेलं रबर वेळेवर बदला, साखळी बेताची ठेवा, वर्षा-दोन वर्षांनी आतला गाळ पुसून काढा, आणि दुरुस्ती झाली की घरातल्या सगळ्यात अशक्त हातानं एकदा दाबून बघा. दांडग्याच्या हातानं घेतलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे.

आकडा तीन कड्या सरकवला आणि मी बरी झाले. माणसाचं तसं नसतं. आजोबा आजही एका बोटानं दाबतात, पाणी धो धो जातं, भांडं लख्ख होतं. तरीही ते तिथंच उभे राहून खाली बघतात, मग दार थोडं उघडून विचारतात, "झालं ना गं नीट?" सून घरात कुठंही असली, तरी हातातलं काम थांबवून उत्तर देते, "झालं, बाबा. अगदी नीट झालं." बघायला कधी येत नाही. दिवसातून चार-पाच वेळा ते विचारतात आणि दिवसातून चार-पाच वेळा ती सांगते. अजून एकदाही ती वैतागलेली मी ऐकली नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कुणी थकलेलं माणूस तुम्हाला काही दोनदा सांगत असेल, तर 'तुम्हीच विसरला असाल' असं म्हणण्याआधी एकदा झाकण उचलून आत बघा.